डॉक्टरकडे गेले तर मुलं काढून घेतील का?

या वेळचं पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकून थोडक्यात देते:

"ताई, मी इंदूरला सुदामानगरात राहते. मुलगा ७ वर्षांचा आणि मुलगी ८ महिन्यांची. मुलगी झाल्यापासून मला धड झोप नाही, जेवण जात नाही, संध्याकाळ झाली की छातीत धडधडायला लागतं आणि मग सगळं मुलावर निघतं. आधी चापटी होती, मग धपाटे, गेल्या आठवड्यात गृहपाठाच्या वेळी पट्टीनं मारलं तर दंडावर वळ उठले. शाळेत क्लास टीचरनी विचारलं तर तो म्हणाला पडलो. असं सांग म्हणून मीच त्याला शिकवलं होतं. सासूबाई म्हणतात आम्ही पण मारूनच वाढवलं, काही होत नाही. मिस्टर पीथमपूरला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. मी डॉक्टरचा विषय काढला तर म्हणाले, एकदा का डोक्याच्या डॉक्टरचा कागद झाला की मुलं तुझ्याकडे राहणार नाहीत, विचार कर. टीचर १०९८ ला, त्या मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करतील अशी पण भीती वाटते. माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते तिकडे अशा आईबापांना कायद्यानंच ट्रीटमेंट मिळते. आपल्याकडे आईसाठी काही आहे का, का नुसती शिक्षाच?"

बाळा, तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं. कायद्याचं सगळं सांगते, पण त्याच्या आधी एक विचारायचंय आणि ते टाळू नकोस. तुला कधी कानात आवाज येतात का, कुणीतरी बाळाला काही करेल असा सारखा संशय येतो का, बाळाला किंवा स्वतःला संपवून टाकावं असा विचार येतो का, किंवा दोन-दोन दिवस झोप नाही तरी थकवाच नाही असं होतं का? यातलं एक जरी हो असेल तर बाकीचं वाचत बसू नकोस, आजच्या आज कुणाला तरी सोबत घेऊन एमवायच्या, म्हणजे महाराजा यशवंतराव या सरकारी हॉस्पिटलच्या, कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी जा. बाळंतपणानंतर असं होऊ शकतं, ती मेडिकल इमर्जन्सी असते आणि उपचारांनी ती बरीही होते.

तसं काही नसेल तर आता नीट ऐक.

तू जे करतेयस त्याला मारहाणच म्हणतात. दंडावर वळ उठणं ही शिस्त नाही. हे मी तुला टोचायला म्हणत नाहीये, तू स्वतः पत्रात ते लपवलं नाहीस म्हणून मी पण गुळमुळीत बोलणार नाही. आणि त्याचबरोबर दुसरी गोष्ट पण तितकीच खरी आहे, की तू जे लिहिलंयस, झोप नाही, भूक नाही, संध्याकाळी धडधड, चिडचिड, हे सगळं बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचं किंवा अँग्झायटीचं अगदी नेहमी दिसणारं चित्र आहे. लोकांना वाटतं डिप्रेशन म्हणजे बाई कोपऱ्यात बसून रडते. पुष्कळ बायकांत ते रागाच्या रूपात बाहेर येतं, आणि राग उतरतो तो घरातल्या सगळ्यात लहान आणि उलट न बोलणाऱ्या माणसावर. फार थोड्या घरांत हे कळतं.

तू एकटी नाहीस हे पण सांगते. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांतल्या मुलांवरच्या अत्याचाराचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आपलं मध्य प्रदेश पण होतं त्यात. तीनातल्या दोन मुलांनी सांगितलं की त्यांना मार बसतो, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. म्हणजे सासूबाई म्हणतात ते एका अर्थी बरोबर आहे, सगळीकडे मारतात. पण काही होत नाही हे मात्र चूक आहे. होतं. तुझ्या मुलानं ७ व्या वर्षी टीचरच्या डोळ्यांत बघून आईला वाचवायला खोटं बोलायचं शिकून घेतलं, हे झालंच ना.

आता आजपासूनचं. तुझी कठीण वेळ ठरलेली आहे, तूच लिहिलंयस, साडेपाच ते आठ. गॅसवर दूध, कुशीत बाळ रडतंय, समोर मुलाची वही उघडी, त्यानं 'ळ' पुन्हा उलटा काढलाय आणि सासूबाई टीव्हीच्या आवाजावरून विचारतायत की कणीक मळली का. या अडीच तासांतून आधी गृहपाठ बाहेर काढ. एक महिनाभर तू त्याला शिकवायला बसायचंच नाही. सासरे असतील तर ते, नाहीतर बिल्डिंगमधली एखादी कॉलेजला जाणारी मुलगी, नाहीतर गृहपाठ राहू दे, टीचरला सांगून ठेव, दुसरीतल्या मुलाचा महिनाभर गृहपाठ नाही झाला तर आभाळ कोसळत नाही. पट्टी घरात ठेवूच नकोस. आणि हात उठायला आला असं वाटलं की बाळाला खाली गादीवर किंवा पाळण्यात सुरक्षित ठेव, मुलाला म्हण आई दहा मिनिटांत येते, आणि गॅलरीत जा. बाळ रडेल. रडू दे. दहा मिनिटं पाळण्यात रडल्यानं बाळाला काही इजा होत नाही, थकून संतापलेल्या माणसाच्या हातात मात्र होऊ शकते. लहान बाळाला जोरात हलवलं तर मेंदूला मार लागतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव, मिस्टरांना पण.

आणि मुलाशी आज बोल. झोपताना वगैरे नाही, दिवसा, शांतपणे. "तू पडला नव्हतास. मी मारलं होतं. ते चुकीचं होतं आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. मला बरं नाहीये, मी डॉक्टरकडे जाणार आहे. तुला कुणी विचारलं तर खरं सांगायचं, आई रागावणार नाही." एवढंच. तू पुन्हा कधीच मारणार नाही असं वचन लगेच देऊ नकोस, ते मोडलं तर त्याला जास्त लागेल. डॉक्टरकडे जाण्याचं वचन दे, ते तुला पाळता येतं.

आता कायदा. तुझा प्रश्न आहे की शिक्षाच आहे का. शिक्षा आहे, ती आधी सांगते म्हणजे पुढचं सांगताना तुला वाटायला नको की मी गोड गोड बोलतेय. बाल न्याय कायदा २०१५, ज्याला सगळे जेजे ॲक्ट म्हणतात, त्याचं कलम ७५ म्हणतं की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच मुलाला मारलं, छळलं, जाणूनबुजून दुर्लक्ष केलं आणि त्यानं मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होऊ शकत असेल तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. आईबाप त्यातून सुटलेले नाहीत. म्हणजे "माझं पोर आहे, मी काही पण करीन" हे कायद्याला मान्य नाही, आणि ते तसंच असायला पाहिजे.

पण तोच कायदा पुढे काय म्हणतो ते कुणी वाचत नाही. त्याच्या सुरुवातीलाच कलम ३ मध्ये तत्त्वं दिलीत, त्यात लिहिलंय की मुलाच्या सांभाळाची पहिली जबाबदारी त्याच्या स्वतःच्या कुटुंबाची, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय, सगळं करून बघितल्यावरचा. म्हणजे १०९८ ला फोन गेला की जीप येते आणि मुलं उचलून नेते हे जे तुझ्या डोक्यात बसलंय ते तसं नाहीये. १०९८ ही चाइल्डलाइन आता राज्याच्या महिला बालविकास विभागाकडून चालते, ११२ या इमर्जन्सी नंबरशी जोडलेली आहे. मुलाच्या जिवाला आत्ता धोका असेल तर पोलीस येतात, यायलाच पाहिजेत. नाहीतर जिल्हा बाल संरक्षण युनिटचे लोक येतात, घर बघतात, तुझ्याशी, मुलाशी, घरच्यांशी बोलतात. प्रकरण पुढे गेलंच तर बाल कल्याण समितीपुढे जातं, सीडब्ल्यूसी म्हणतात तिला, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात निदान एक बाई असावीच लागते. समिती घरच्या परिस्थितीचा अहवाल मागवते, तो १५ दिवसांत व्हायचा असतो. आणि समितीच्या हातात मुलाला आईबापांकडेच ठेवून वरून देखरेख नेमायचा अधिकार आहे. ज्या घरात आईनं आधीच उपचार सुरू केलेत, घरात आजीआजोबा आहेत, बाप ड्यूटीवरून आल्यावर मुलं बघतो, त्या घराचा अहवाल आणि जिथे सगळे दारं लावून बसलेत त्या घराचा अहवाल एकसारखा नसतो. डॉक्टरकडे गेलीस तर तू वाईट ठरशील असं तुला सांगितलं गेलंय, खरं तर उलट आहे, न जाणं हेच उद्या तुझ्या विरुद्ध दिसेल.

मग दुसरा कायदा, आणि हा तुझ्यासाठीचा. मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७, लागू झाला २०१८ मध्ये. त्यानं पहिल्यांदा म्हटलं की मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि सरकारनं ज्या सेवा द्यायच्या त्यांत आजारी माणसाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा पण मोडतात, हे कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. तुझ्या कामाची तीन कलमं सांगते, लिहून ठेव.

कलम ३ म्हणतं की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो माणूस अस्थिर बुद्धीचा आहे असं समजायचं नाही, तसं ठरवायला सक्षम कोर्टाचा निकाल लागतो. म्हणजे ओपीडीच्या केसपेपरवर डिप्रेशन लिहिलं म्हणून कुणी तुला वेडी ठरवू शकत नाही, नवरा तर नाहीच नाही.

कलम २३ गोपनीयतेचं. डॉक्टर तुझी माहिती कुणालाही देत फिरू शकत नाही. याला अपवाद आहेत आणि ते मी लपवत नाही: दुसऱ्या कुणाला इजा होण्याची भीती असेल तर ती टाळण्यापुरती माहिती डॉक्टर देऊ शकतो, आणि कोर्टानं मागितली तर द्यावी लागते. तरी डॉक्टरशी खरं बोल, मुलाला मारते हे पण सांग. अर्धवट सांगितलंस तर उपचार पण अर्धवट होतील.

आणि कलम २१. हे मला फार आवडतं, कारण कुणीतरी आईचा विचार करून लिहिलंय. ॲडमिट व्हायची वेळ आलीच तर ३ वर्षांखालच्या बाळाला आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टरला वाटलं तरच तात्पुरतं वेगळं करायचं, तेव्हा पण तिथल्या स्टाफच्या किंवा घरच्यांच्या देखरेखीत आई बाळाला भेटू शकते, दर १५ दिवसांनी तो निर्णय पुन्हा तपासायचा, आणि सलग ३० दिवसांपेक्षा जास्त वेगळं ठेवायचं असेल तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. तुला बहुतेक ॲडमिट व्हायची गरजच पडणार नाही, ओपीडीत काम होईल, पण सगळ्यात वाईट झालं तर काय ही भीती असते ना, त्याचं उत्तर हे आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत तर २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्डच आहे. तसे वॉर्ड आपल्या देशात फार कमी आहेत, मोठ्या शहरांत तरी असायला हवे होते एव्हाना.

आता मिस्टरांचं ते वाक्य. कोर्ट मुलाचा ताबा ठरवताना मुलाचं हित बघतं, १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात तेच सगळ्यात वर ठेवलंय, आणि ५ वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असेही त्यातच आहे. घटस्फोटाच्या बाबतीत पण १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो कशा प्रकारचा आणि किती आहे की सोबत राहणंच शक्य नाही, हे दाखवावं लागतं. आणि ती केस डिप्रेशनची नव्हती, स्किझोफ्रेनियाची होती. तेव्हा कागदाची भीती डोक्यातून काढ. वकिलाशी बोलावंसं वाटलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो, १५१०० वर फोन लागतो. आणि हे पण विचारते, तू लिहिलं नाहीस तरी: ते तुला पण मारतात का? धमकी हे एकच वाक्य होतं की रोजचं आहे? रोजचं असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुझ्यासाठी आहे, त्यात मानसिक छळ पण येतो, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, आणि मला पुन्हा लिही, ते उत्तर वेगळं असेल.

तुझी मामेबहीण म्हणते ते खरं आहे का? बरंच खरं आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये मुलांवरच्या अत्याचाराला आळा घालायचा केंद्राचा कायदा झाला, काप्टा म्हणतात, त्यातून राज्यांना तपास आणि प्रतिबंध दोन्हीसाठी पैसे मिळायला लागले. पण कित्येक वर्षं तिथली मोठी रक्कम जायची ती मूल घरातून काढून दुसऱ्या घरी ठेवल्यावर. मूल निघाल्यावर पैसा, निघू नये म्हणून फारसा नाही. ते २०१८ च्या फॅमिली फर्स्ट कायद्यानं बदललं. मूल घराबाहेर जायची वेळ येऊ घातलीय अशा कुटुंबात आईबापांच्या मानसिक उपचारांना, व्यसनमुक्तीला आणि घरी येऊन पालकपण शिकवणाऱ्या कार्यक्रमांना १२ महिन्यांपर्यंत केंद्राचा तोच निधी वापरता येतो. हा विचार मला शंभर टक्के पटतो. पण तिथे सगळं छान आहे असंही नाही, तिथे शिक्षक, डॉक्टर यांना संशय आला तरी कळवणं सक्तीचं आहे आणि मुलं घरातून नेली पण जातात, तेव्हा तुझ्या बहिणीशी बोलताना तिकडचं स्वर्ग आणि इकडचं नरक असं धरून चालू नकोस.

आपल्याकडे काय कमी आहे ते मी मनापासून सांगते, कारण दर महिन्याला अशी पत्रं येतात आणि माझा जीव तुटतो. आपल्याकडे मुलासाठी कायदा आहे, आईच्या आजारासाठी कायदा आहे, पण दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. जेजे ॲक्टवाले मुलाची पाठ बघतात, मानसिक आरोग्यवाले आईचं डोकं बघतात, आणि मूल त्याच आईच्या हातचं खातं हे कुठल्याच रजिस्टरमध्ये नीट येत नाही. जेजे ॲक्टमध्ये कलम ४५ खाली स्पॉन्सरशिप आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४००० रुपये, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला आधार. चांगली योजना आहे. पण ती विधवा, परित्यक्ता, जीवघेणा आजार, अपघातानं पांगळे झालेले आईबाप अशांसाठी लिहिलीय, डिप्रेशनमध्ये बुडालेली बाई त्यात सरळ कुठे बसत नाही. बाळ झाल्यावर आशाताई घरी येतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत ६ वेळा यायच्या असतात, बाळाचं वजन करतात, नाळ बघतात, दूध पितं का विचारतात. त्याच दारात, त्याच चटईवर बसून आईला "तुला झोप लागते का गं, रडू येतं का, बाळाचा राग येतो का" हे दोनतीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारले गेले असते आणि पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं असतं तर कितीतरी मुलांच्या दंडावर वळ उठलेच नसते. केरळनं अम्ममनस्सु म्हणून असा कार्यक्रम सुरू केलाय, आरोग्यसेविकांनाच आईचं मन ओळखायला शिकवलं. मध्य प्रदेशात, महाराष्ट्रात, गुजरातमध्ये हे करायला कुणी अडवलेलं नाही. आणि हे काही नवीन मागणं नाहीये. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९२ मध्येच सामील झालाय आणि त्याच्या कलम १९ मध्ये मुलाला हिंसेपासून वाचवायच्या उपायांतच लिहिलंय की मुलाला आणि मुलाला सांभाळणाऱ्यालाही आधार द्यायचा. दोघांना. आपण अर्धं वाक्य कायद्यात उतरवलं.

बापाचं पण तेच. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस पितृत्व रजा मिळते, खाजगी कंपनीत तसा कायदाच नाही, कंपनीची मर्जी. पीथमपूरच्या शिफ्टमध्ये राबणारा माणूस घरी येऊन बायकोचा चेहरा कधी बघणार? हे मी त्यांना माफ करायला म्हणत नाही, पण हा पण या आजाराचाच एक भाग आहे.

असो. कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल, तुला सोमवारी काय करायचं ते सांगते.

पहिल्यांदा आज रात्री १४४१६ ला फोन कर. टेलिमानस म्हणतात त्याला, २०२२ मध्ये सुरू झालं, चोवीस तास, फुकट, हिंदीत पण बोलता येतं आणि मराठीत पण. घरात सगळ्यांसमोर बोलणं जमत नसेल तर गच्चीवर कपडे काढायला जा आणि तिथून कर. मग ओपीडी. एमवायमध्ये मानसोपचार विभाग आहे, बाणगंगाला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, दोन्हीकडे सरकारी दरात होतं. बाणगंगा म्हटलं की आपल्या इंदूरमध्ये लोक लगेच वेगळ्या नजरेनं बघतात हे मला माहीत आहे, तसं वाटत असेल तर एमवायला जा, किंवा परवडत असेल तर खाजगी डॉक्टरकडे, पण तेवढ्यासाठी घरी बसू नकोस. हेल्थ पॉलिसी असेल तर तीही बाहेर काढून बघ, २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, ॲडमिट होण्याचा खर्च त्यात येतो, ओपीडीचं तुझ्या पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचावं लागेल.

डॉक्टरला तीन गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत सांग: बाळ ८ महिन्यांचं आहे आणि अंगावर पितं, मला झोप लागत नाही, मी मोठ्या मुलाला मारते. अंगावर पाजत असताना देता येतील अशी औषधं असतात, ते डॉक्टर ठरवतील, तू स्वतःहून दूध तोडू नकोस आणि औषध पण स्वतःहून बंद करू नकोस. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, चौथ्या दिवशी काही होत नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायका फार. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घे, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं की माणूस असाच चिडका आणि थकलेला होतो, कधीकधी अर्धं दुखणं तिथेच सापडतं.

टीचरला खरं सांग. हो, मला माहीत आहे हे सगळ्यात कठीण वाटतंय. त्या बाईंनी विचारलं म्हणजे त्यांचं तुझ्या मुलाकडे लक्ष आहे, अशी टीचर मिळणं भाग्य. त्यांना भेटून म्हण, "माझ्याकडून हात उठला होता, मी बाळंतपणानंतर आजारी आहे, उपचार सुरू केलेत, महिनाभर गृहपाठाचं सांभाळून घ्या आणि तो गप्प गप्प दिसला तर मला फोन करा." त्यांनी तरीही १०९८ ला कळवलं तर कळवू दे. येणाऱ्या माणसाला केसपेपर दाखव, चहा दे, विचारतील ते खरं सांग. मुलासाठी काउन्सेलर मिळेल का हे तूच त्यांना विचार, कारण उपचार त्याला पण लागतील, नुसते तुला नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस, त्यांना काम दे. "आई, संध्याकाळी सहा ते आठ बाळ तुम्ही घ्या, मला डॉक्टरनी सांगितलंय." आपल्याकडच्या सासवा तत्त्वाला नाही म्हणतील पण डॉक्टरच्या चिठ्ठीला सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि हे उत्तर मिस्टरांना वाचायला दे. त्यांच्यासाठी एवढंच लिहिते: भाऊ, कागदाची भीती घालून तुम्ही बायकोला डॉक्टरपासून लांब ठेवताय आणि मार तुमचा मुलगा खातोय. पहिल्या अपॉइंटमेंटला तुम्ही स्वतः सोबत जा, बाहेर बाकावर बसा आणि डॉक्टरनी बोलावलं तर आत जा. सुपरवायझरशी बोलून दोन महिने फर्स्ट शिफ्ट मागून बघा, घरात आजारपण आहे एवढं सांगितलं तरी चालतं. रात्रीतली एक पाळी बाळाची तुमची, तिला सलग पाच तास झोप मिळाली पाहिजे, ते औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. आणि मुलगा तुम्हाला काही सांगायला आला तर मोबाईल खाली ठेवून ऐका, मध्ये "आईला त्रास देतोस का" असं विचारू नका.

पहिली ओपीडी झाली की मला लिही, रिपोर्ट काय आले ते पण. सीडब्ल्यूसीचं काही पत्र आलं तर त्याचा फोटो काढून ठेव आणि उत्तर द्यायच्या आधी १५१०० ला फोन कर.